मॅग्नेशियमचा दगा

४ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन अश्विन. आजपासून सकाळी उठणे, चहा कमी करणे, पीएचडी संपवणे.
प्रेमानंद सरायनं केबिनमध्ये बोलावलं. म्हणे, हे शेवटचं एक्स्टेन्शन हाय गा. वीस मार्चले कमिटी. मजबूत मॅग्नेशियमची एक तरी कांडी दाखव, नाई तर रजिस्ट्रेशन रद्द. एवढी वर्षं यायले गुरू मानलं!
टेन्शन नाई. मॅग्नेशियम हलकं असते, पण कमजोर. त्यात रेअर अर्थ धातू टाकले का दम येते. लोक चिमूटभर टाकतात. मी भिवापूरचा माणूस, मिरची टाकताना हात आखडणाऱ्यातला नाई. चौपट टाकीन.
आईचा फोन. रोजचाच प्रश्न, डॉक्टर कधी होतं रे बाबू. म्हटलं, मार्च.

१५ जानेवारी
पहिलं कास्टिंग. वितळलेलं मॅग्नेशियम पेटलं. मी पाणी घेऊन धावलो, तर ज्युनिअर मिनल मधात आली अन् रेती टाकून मोकळी झाली. वरून ओरडली, दादा, पाण्यानं लॅब उडन! मले माहीत होतं. पाणी प्यायले आणलं होतं.

२२ जानेवारी
टेस्टिंग. मशीननं ओढली नाई तोच कांडी कट्‌कन तुटली. पापड बरा. सर म्हणे, जास्त झालं का धातू ठिसूळ होते. मले तर मशीनच बिघडलेली वाटते. तक्रार देणार.

३ फेब्रुवारी
सरायचं मन राखाले थोडंसंच गॅडोलिनियम, म्हणजे तोच रेअर अर्थ, टाकून कांड्या ओतल्या. तुटल्या नाई, पण ताकद फुसकी. सर म्हणे, आधी कडक तापव, पाण्यात बुडव, मग मंद आचेवर भट्टीत पडू दे. आत बारीक कण तयार होतात, खरी ताकद त्यायची. म्हणजे नुसतं पडून राहून ताकद येते? मी इतकी वर्षं पडून पाहिलं. नाई येत.
कांड्या भंगारच्या डब्यात. मिनलनं विचारलं, दादा, मी घेऊ का? म्हटलं, ने वं, सगळ्या ने, पेपरवेट कर. दिलदारपणा आमच्या रक्तातच हाय.

२ मार्च
दगा! सरायनं सांगितलं तसं भट्टीत ठेवलेली मिनलची कांडी मशीनवर तुटता तुटत नव्हती. लॅबमधली आजवरची सगळ्यात जास्त ताकद. सरायनं तर्री-पोहे मागवले. अन् कांडी कोणाची? माही! भंगारात मी टाकली म्हणून तिले भेटली ना? जिले मी भर आगीतून वाचवलं, तिनं असं करावं!
दोन प्लेट पोहे खाल्ले. राग गेला नाई.

१५ मार्च
निर्धार. माही चौपटवालीच कांडी कमिटीपुढे नेणार, पण यावेळी भट्टीत ठेवून. तर भट्टीवर मिनलचा कागद: उघडू नये. काही तरी सांगून राहिली होती, मी ऐकलंच नाई. दगाबाजांशी बोलणं बंद. फोनही करून राहिली. कट.

१७ मार्च, संध्याकाळ
मिनल घरी गेली. भट्टी उघडली. तिची एक कांडी आत पडली होती. तिच्या बाजूले माही ठेवली, मन मोठं हाय माह्यं. मंद आचेनं कधी काही होते का? काटा सरळ पाचशे डिग्रीवर नेला. झटक्यात काम.

१९ मार्च
चौपटवाली पुन्हा पापड.
मग तिची कांडी लावली. साफ मऊ पडली होती. खोटं काहून बोलू, बरं वाटलं.
तेवढ्यात मिनल आली अन् रडाले लागली. म्हणे, दादा, ही तुहीच होती. तू ओतलेल्यातली शेवटची. सर म्हणत होते का कमिटीत अश्विनच्या नावानं दाखवू. किती फोन केले तुले, काहून नाई उचलला?
कांडीच्या टोकाले बारीक 'अ' कोरला होता.
सर आले. भट्टीचा काटा पाहिला. म्हणे, एवढ्या आचेत ते बारीक कण राहत नसतात गा, अन् आता पुन्हा कराले वेळ नाई. रागावले असते तर चाललं असतं. नुसते केबिनमध्ये जाऊन बसले.

२० मार्च
कमिटीनं विचारलं, कांडी कुठे हाय. मी मशीनबद्दल सांगाले लागलो. त्यायनं चहा संपवला. रजिस्ट्रेशन रद्द.
मिनल बाहेर पोहे घेऊन उभी होती. मी प्लेट तशीच परत देली. कोणावर रागवावं, सुचून नाई राहिलं.
आईचा फोन. झालं का रे बाबू? म्हटलं, हो, झालं. पुढचं सांगणारच होतो. पण तिनं फोन तसाच टाकला अन् अंगणात जाऊन ओरडली का पार्वतीबाई, या वं, माहा अश्विन डॉक्टर झाला.
फोन चालूच होता. मी ऐकत बसलो.