बंद समजलेला नंबर

प्रिय शहाण्या,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर धाडते आहे, कारण तुझा नवा नंबर आम्हाला ठाऊक नाही. आमचा मात्र आता गावभर झालाय, तुझ्याच कृपेने.

गेले काही आठवडे घरचा फोन पिसाळल्यासारखा वाजतो. उचलावा तर कुणीतरी अनोळखी माणूस स्वतःचे राहिलेले निरोप मागतो. मी हॅलो म्हटलं की दचकतो, मग माझ्यावरच खेकसतो. एका गृहस्थांनी तर मला जुने निरोप खोडून टाकायचं फर्मान काढलं. जन्मभर मुलांना संस्कृत शिकवलं, पण माझा आवाज इतक्या अपेक्षेने कधी कुणी ऐकला नव्हता.

तक्रारी करून घसा बसला, तेव्हा तुझ्याच ऑफिसातल्या एका मुलीचा फोन आला. बिचारीने नीट समजावलं. सिमकार्डात म्हणे गिऱ्हाइकाचा ओळख-क्रमांक असतो. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मोबाइल आपली कंपनी कोणती ते ओळखतो आणि तुमच्या ऑफिसने बनवलेल्या यादीतून तिची सेटिंग्ज आपोआप भरून घेतो: इंटरनेट कुठून, व्हॉइसमेलचे निरोप ऐकायला नंबर कोणता, सगळं. एका छोट्या कंपनीच्या सेटिंग्जमध्ये तू चाचणीपुरता टाकलेला नंबर तसाच राहिला, आपल्या घरचा. आता तिच्या गिऱ्हाइकाने निरोपांचं बटण दाबलं की घंटी आमच्याकडे. ठीक आहे, चुका माणसंच करतात, आणि तू त्यात लहानपणापासून चार माणसांना भारी. पण ती पोर भाबडेपणाने पुढे म्हणाली, "सरांना वाटलं, हा नंबर केव्हाच बंद झाला असेल."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बंद? कुणाला विचारलंस? चाचणीच करायची होती ना, विद्वाना, मग एकदा लावून बघायला काय हात झडले होते? आकडे अजून तोंडपाठ आहेत तुला, याचीच जास्त चीड येते. विसरला असतास तर माफ केलं असतं. हा निव्वळ कोडगेपणा, आणि त्याला भारदस्त संस्कृत शब्द शोधून द्यायची माझी मुळीच इच्छा नाही.

तुमचं दोघांचं काय बिनसलं त्यात मी पडत नाही. बापलेक सारखेच हेकट. पण बाबांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ते पुढच्या खोलीत फोनशेजारीच पडून असतात. प्रत्येक घंटीला मान उचलतात. त्याचा का गं, म्हणून विचारतात. मी म्हणते, नाही बाबा, राँग नंबर. वैतागून एकदा म्हटलं, हा नंबरच बदलून घेऊ. तर केवढे भडकले माझ्यावर. "नंबर बदललास तर तो फोन कुठे करील?"

सोमवारी सगळ्यांच्या फोनवर दुरुस्त सेटिंग्ज जातील, तुमचा त्रास संपेल, असं ती मुलगी म्हणाली. मी आभारही मानले. फोन ठेवल्यावर मग लक्षात आलं. आजवर घंटी तरी वाजत होती, मला राँग नंबर म्हणता येत होतं. सोमवारनंतर फोन गप्प, आणि बाबा त्याच्याकडे बघत बसले तर मी त्यांना काय सांगू? म्हणून लिहिते आहे. सोमवारपर्यंत थांब, आत्ता केलास तर गर्दीत हरवशील. नंतर कर. रिसीव्हर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवते. मी उचलणार नाही. तुझ्याशी बोलण्याइतकी मी अजून निवळलेली नाही.

तुझीच, रागातसुद्धा तुझीच,
ताई