बेदाण्याची शेड कुणाला

मी, सुलाबाई नानासो कोळेकर, वय ७२, व्यवसाय शेती, तालुका कवठे महांकाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. जिना चढताना दम लागतो, पण डोके आणि राग दोन्ही शाबूत आहेत.

१. माझ्या मालकांचे, म्हणजे कै. नानासोंचे, घोंगडे व लोकर कातरायची कातर गावच्या बिरोबाला द्यावी. परदेशी यंत्रावरची स्वस्त ब्लँकेटे आली आणि आमच्या लोकरीला कुणी विचारेना. मेंढरे विकून आम्ही द्राक्षे लावली.

२. पुढे कुठल्याशा समुद्रात लढाई पेटली. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, आमची द्राक्षे वाटेतच नासली. म्हणून मी बेदाण्याची शेड घातली. लढणाऱ्यांना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांना नुसत्या शिव्या देऊन सोडले.

३. ऋषिराजला सोडणार नाही. हा माझ्या दिराचा मुलगा, मला मूल नाही म्हणून मीच वाढवला. बड्या देशांनी एका देशावर निर्बंध घातले, तिथले चलन कोसळले, तिथला बेदाणा मातीमोल झाला. तो याने चोरून माझ्या नावाच्या पेट्यांत भरला आणि बाजारातल्या सौद्याला, म्हणजे लिलावाला, लावला. रिवाजाप्रमाणे व्यापाऱ्यांनी पेट्या फोडल्या, मुठीने चाखून बेदाणा खाली उधळला. धैर्यशील व्यापारी म्हणाले, "मावशी, ह्यो तुमचा माल न्हाई." मी भर सौद्यात बिरोबाची शपथ घेतली, "माझाच हाय." मग एक दाणा तोंडात टाकला.

घरी ऋषिराज म्हणाला, "काकी, त्यांचा पैसा पडला, त्याला मी काय करू?" तिकडच्या शेतकऱ्यावर माझा राग नाही, तोही बुडालाच. पण खोटी शपथ मला घरच्याने घ्यायला लावली.

४. त्याची बायको सोनिया पुढच्या सौद्यात उभी राहून सर्वांसमोर खरे बोलली. तेव्हापासून तो तिला शेडमध्ये पाऊल टाकू देत नाही. सबब शेड व संपूर्ण बाग एकट्या सोनियाची. तिथे पाऊल टाकायचे तर आता त्याने तिला विचारावे.

५. ऋषिराजला उघड्यावर टाकले असे कुणी म्हणू नये. घराची पुढची खोली त्याला हयातभर राहायला दिली आहे. अट एकच. सोनियाचा माल सौद्याला लागेल तेव्हा व्यापाऱ्यांनी उधळलेला बेदाणा त्याने त्यांच्या पायांशी बसून वेचावा. झाडू देऊ नये.

वाचून, समजून, मनाला पटले म्हणून खाली सही केली.

सुलाबाई नानासो कोळेकर

आमच्यादेखत सही झाली:
१. धैर्यशील माने, बेदाणा व्यापारी
२. मनुबाई खरात, शेडमध्ये बेदाणा निवडणारी

कवठे महांकाळ, १२ नोव्हेंबर २०२५