जवळचा रस्ता आणि नांदेडची पसंती

चिक्कडपल्ली, हैदराबाद
२४ सप्टेंबर २०००

तीर्थरूप लीलाआत्या,

अमृताचा वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे अर्धवटच वाकता आलं, उरलेला मनाने केला आहे). गुडघा कसा आहे? तेल सोडू नका.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या कंपनीतलं राउटर नावाचं यंत्र इंटरनेटवरचे निरोप नेहमी सर्वांत जवळच्या रस्त्याने पाठवतं. ते चूक आहे. मालकाने कुठल्या रस्त्याला पसंतीचा मोठा आकडा दिलाय, हे ते आधी पाहतं. आकडे सारखे असले तरच लांबी बघतं. (चूक लपवायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं, हे शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला पाटीवर शिकवलंत. त्यामुळे कळवल्यावाचून चैन पडेना.)

झालं असं, की आमच्या बाहेरच्या लाइनी दोन, मुंबईची रुंद आणि चेन्नईची बारीक. बारीक होती ती तुंबली आणि दिलसुखनगरच्या इंटरनेट-कॅफेवाल्यांचे तक्रारीचे फोन सुरू झाले. मग मी चेन्नईकडे आमचा पत्ता कळवताना कंपनीचा नंबर एकदाच्या ऐवजी चारदा लिहिला. असं केलं की तो रस्ता लांब दिसतो आणि येणारे निरोप दुसरीकडून येतात. (हे खोटं बोलणं नव्हे ना, असं मी ऑफिसातल्या दोघांना विचारून घेतलं.) चेन्नईवाले तरी त्याच लाइनीने येत राहिले. आमचे साहेब हिम्मतराव पान चघळत म्हणाले, "चारदा लिही की चाळीसदा लिही, अम्मा. उनकू वोइच रस्ता पसंद है. लांबी बघतंय कोण?" दुसऱ्याच्या घरातली पसंती आपल्याला बदलता येत नाही, त्यांनाच विनवावं लागतं. मी फोन केला, त्यांनी आकडा उतरवला, लाइन मोकळी झाली.

तेव्हापासून घरातही मला तेच दिसतंय. अंबरपेठेच्या आशिषच्या घरच्यांची लग्नानंतर नोकरी सोडायची अट मला मान्य नाही, हे मी बाबांना वरण वाढता वाढता सांगितलं. ते "हौ हौ" म्हणाले आणि "अक्काला विचारतो" म्हणून तुम्हाला नांदेडला फोन लावायला गेले. मी समोर उभी, हातात पळी. तुमचा गुडघा दुखतो, फोन आतल्या खोलीत आहे, एसटीडीचे दर चढे आहेत, असं सगळं मी सांगून पाहिलं (एकही शब्द खोटा नव्हता). "असू दे, येते ती उठून," म्हणाले, आणि तुम्ही येईपर्यंत फोन वाजवत राहिले. तुम्ही "स्थळ चांगलं आहे" म्हणालात. आता दसऱ्याला, ७ तारखेला, होकार जाणार आहे.

तुमची,
अमृता

ता. क. तुम्ही बाबांना समजवाल, ठाऊक आहे. कृपा करून समजवू नका. त्यांचा फोन आला की "तिलाच विचार" एवढंच म्हणा.

ता. क. आणखी एक दुरुस्ती. वर "कृपा करून" लिहिलं, पण पत्र उशिरा पोचलं किंवा तुम्हाला पटलं नाही, तरी अट मान्य नसल्याचं बाबांना मी स्वतःच पुन्हा सांगणार आहे, सकाळच्या चहाला, गुरुवार, ५ ऑक्टोबर.