बरणीतले दात

४ जून
महागाव सोडून नातीकडे पांढरकवड्याले आली. प्रेरणा लॅबची डॉक्टर. वर घर, खाली लॅब. ऑपरेशनात काढलेला गोळा औषधाच्या पाण्यात, बरणीतून येतो. ही त्याचा पातळ काप काढते, रंगवते, दुर्बिणीतून पाहून रोग सांगते. पेशंटचं तोंडही पाहत नाही. मी म्हटलं, नवराही असाच निवडला का गं?
तिले पाचवा महिना आहे. म्हणून मले आणलं, चाळीस वर्षं सुईणपण केलेली घरचीच बाई. मले अक्षर येत नाही. लॅबमधली दीपा लिहून घेते. अक्षर छान आहे म्हणे. मी कशी तपासू?

६ जून
एका बाईच्या अंडाशयातला गोळा आला. प्रेरणानं कापला तर आत केस, आणि तीन दात. असं असतं कधी कधी, यात जीव नसतो, म्हणाली. मी बरणीले टिचकी मारली अन् विचारलं, काहून रे बाळा, लई घाई झाली दात काढायची? दोघी हसल्या.
जेवताना आठवलं. सासूनं सुईणपण शिकवताना बजावलं होतं, पोटातून अर्धवट निघालेल्याले बाळ म्हणायचं नाही. ते आई शोधत येतं.

९ जून
रिपोर्टात तीन दात. बरणीत पाच. दीपानं दोनदा मोजले. प्रेरणा म्हणते, पहिल्यांदा माझीच नजर चुकली. तिची नजर चुकत नाही. पुरून टाक म्हटलं, तर नियम सांगते, बरणी महिनाभर ठेवावीच लागते.

१२ जून
सात. प्रेरणा टेबलाच्या ज्या बाजूले बसते, गोळा तिकडे वळतो. दीपा म्हणते, पाणी हलतं, आजी. मग तू खुर्ची कायले दूर सरकवली?

१३ जून
झाकण घट्ट. आत नुसतं पाणी.
प्रेरणा म्हणते, आतून कुणी चावतंय. सकाळी हसत सांगत होती. आता —
पोटाले हात लावला. दोघं आहेत आत. एक दुसऱ्याले —

दुपार
मोठ्या दवाखान्याची गाडी नागपूरहून निघाली म्हणे. तोवर —
बाळ मी म्हटलं. मग आई मीच. तिच्या पोटाशी तोंड नेऊन सांगितलं, तुझी माय इकडे आहे, ये.
पोट निवलं तिचं. झोपली.
दीपा, लिही. माझ्या पदराकडे पाहू नको, ते आता इथं चावून राह्यलं. प्रेरणाले सांग, आता एकच आहे, नीट आहे. मी हातानं पाहिलं. हात आहे तोवर —