माडांचं मीठ

१० नोव्हेंबर
सकाळी रमिला मागच्या दारी. ती नि तिचा नवरा काशिनाथ वाडीतच राहतात, चिकूची सगळी उस्तवार त्यांच्याकडे. "ताई, डाळ शिजत नाय. पाणी खारं झालंय."
आपण प्यायला-रांधायला जार आणतो, त्यामुळे कळलं नाही. ऑफिसातून आल्यावर विहिरीचं पेलाभर पिऊन पाहिलं. खरंच खारं. आमच्या चिखले गावात उन्हाळ्यात ज्यांचं पाणी आटायचं ते या विहिरीवर येत.

१३ नोव्हें.
शेजारचे म्हणाले, "बोअर मारून मारून समुद्र आत ओढलाय लोकांनी." असेल.
रमिलाने घराशी लावलेल्या मिरचीची पानं कडेने करपलीत.

१६ नोव्हें., रविवार
कळलं.
दुपारी बाबा विहिरीजवळच्या माडाचं आळं उकरून बसले होते. शेजारी घमेलं, त्यात जाडं मीठ. माडाला मीठ ते कायम घालतात, पण वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर.
"बाबा, आत्ता?"
"मग? यंदा राहूनच गेलं की."
काशिनाथ बाजूला घेऊन म्हणाला, "रोज घालतात, ताई. सांगायला गेलो तर फावडं उगारतात."
गोण्या दुकानातून येतात, बाबाच फोन करतात. डॉक्टर म्हणालेच होते, विसरणं वाढत जाणार. गॅसला कुलूप लावलं, किल्ल्या लपवल्या. मिठाचं कुणाच्या मनात येणार?

१८ नोव्हें.
दुकानदाराला सांगितलं, गोणी पाठवू नका. उरलेलं मीठ काशिनाथ घेऊन गेला.
बाबा दिवसभर शोधत होते. जेवताना म्हणाले, "माड समुद्राची पोरं. मीठ तोडलं तर रुसतील." जेवले नाहीत.

२२ नोव्हें.
शेतीखात्यातले एक ओळखीचे साहेब विहीर बघून गेले. मिठातला क्लोराइड मातीत टिकत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतो. उकळून जात नाही, गाळून जात नाही.
"मग करायचं काय?"
"आणखी घालायचं नाही. बाकी पावसावर."
"किती पावसाळे?"
सांगता येत नाही म्हणाले. या खारेपणात समुद्र किती, बाबांचं मीठ किती, तेही नाही.

३० नोव्हें.
बाबांचे हाल बघवेनात. घमेल्यात पांढरी रेती घेतली, वर मूठभर मीठ. बाबा खूश. आळ्याशी बसले, चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले.
"रेती आहे ही. कोण गं तू? कामाला ठेवलंय का तुला?"
मी म्हटलं, बाबा, मी.
"माझी लेक ऑफिसात असते. संध्याकाळी आली की सांगतो तिला."
मी कपडे बदलून, पर्स घेऊन पुढच्या दाराने आत आले. "आलीस? ती नवी बाई काढून टाक. मीठ चोरते." बरं म्हटलं. दुसरं काय…

८ डिसेंबर
रमिलाने तोड काढली. चुलीतली राख. "आमच्यात राख घालतात, बाबा. माडाला बळ येतं." तिच्यावर रागावत नाहीत ते. डबा घेऊन फिरले, झाडाझाडाला चिमूट चिमूट. दुपारी पोटभर जेवले.

१९ डिसें.
स्वयंपाकघरातली मिठाची बरणी रिकामी. विहिरीच्या कठड्यावर सांडलेलं मीठ. बरणी आता माझ्या कपाटात. भाजीत मीठ घालताना आधी मागे वळून बघते.

११ जाने.
रमिला पोटुशी. पाय सुजलेत. कासा गावच्या दवाखान्यात म्हणाले, मीठ कमी कर, खारं पाणी तर पिऊच नको. तिच्यासाठी जार सांगितला होता. तो पाहुण्यांना ठेवते नि स्वतः विहिरीचंच पिते. रागावले. हसली. "सवय आहे, ताई."

२ फेब्रु.
रमिला माहेरी गेली, तलासरीकडे. काशिनाथही गेला. जाताना त्याने सगळ्या माडांची आळी बुजवून दिली. जीप येईपर्यंत बाबा तिच्याशी गप्पा मारत उभे होते. आशीर्वाद दिला, आणि "लवकर ये" म्हणाले. जीप वळली तशी मला विचारलं, "कोण होती?"

१५ मार्च
माड हिरवेगार. बाबांना राखेचाही विसर पडलाय. ओट्यावर बसून हाताने काहीतरी पेरत राहतात, हवेतच. मी ऑफिसातून लवकर यायला लागलेय. येऊन तरी काय करते? शेजारी बसते.

१२ एप्रिल
रमिलाचा फोन. मुलगी झाली. दोघी बऱ्या. मागे बाळ रडत होतं. मग हळूच, "ताई, इथे काम नाय. येऊ का आता? पाणी कसंय?"
थांब म्हटलं, बघून सांगते.
बादली शेंदली. चाखलं. कमी खारं वाटलं. परत चाखलं. तेवढंच असेल, जिभेला सवय झाली असेल. बाळाचं अंग याच पाण्याने धुणार, रमिला हेच पिणार. जार दिला तरी पाहुण्यांना ठेवणार.
ये म्हणायचं फार मनात आहे. बाबांकडे बघणारंही कुणी हवंय, म्हणून तर नाही?
फोन पुन्हा वाजतोय. तिचाच.