फुलं ठेवायला जागा

शरणपूर, नाशिक
२० एप्रिल १९३४

प्रिय रूथ,

जावई परवा सकाळच्या गाडीनं आले आणि दुपारच्या गाडीनं भुसावळला परत गेले. दोन घास जेवले. तू उठून बसतेस, थोडी पेज घेतेस, एवढं त्यांच्याकडून कळलं. तुला लगेच लिहायचं होतं, पण दोन दिवस नुसती बसून राहिले. हल्ली असंच होतं बघ. पाणी भरायला म्हणून उठते, हंड्याजवळ जाऊन उभी राहते, आणि मग आठवतं की आता एकटीपुरतंच लागतं. उन्हं यंदा लवकर तापली. शेजारची चिमणाबाई भिंतीपलीकडून रोज हाक मारून भाकरी झाली का विचारते. झाली म्हणते. कधी झालेली असते, कधी नसते.

तुझ्या नानांना जाऊन दोन महिने होत आले. तुला सातवा होता, डॉक्टरीणबाईंनी प्रवास करू दिला नाही, ते योग्यच केलं. पण त्यामुळे त्यांच्या शेवटच्या दिवसांचं तुला कुणी नीट सांगितलं नाही. लोकांनी मात्र कळवलं असेल. नानांनी मरताना आपल्याला पुरू नका, जाळा म्हणून सांगितलं, इतकी वर्षं उपदेशकाचं काम केलं तरी मनातून ते जुन्या धर्मातच होते, असं तुझ्या कानावर गेलं असणार. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे. ते तुला माझ्याच तोंडून कळावं.

तुला एक भाऊ होता आणि तो तुझ्या जन्माआधी प्लेगमध्ये गेला, हे तुला ठाऊक आहे. त्यापुढचं आम्ही तुला सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे आपापसातही कधी बोललो नाही. डॅनिएल तेव्हा सहा वर्षांचा होता. नाना त्र्यंबकच्या वाटेवरच्या खेड्यांतून उपदेश करत हिंडायचे आणि मी त्यांच्याबरोबर बायकांत बसायची. पोराची शाळा बुडू नये म्हणून आम्ही त्याला इथं नवसाबाईंकडे ठेवलं होतं. त्या म्हाताऱ्या विधवा होत्या, पोरावर जीव टाकायच्या. त्या वर्षी नाशकात प्लेग आला. नवसाबाई आधी पडल्या, मग डॅनिएल, आणि दोघांनाही गावाबाहेरच्या छावणीत नेलं. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा आम्ही पार डोंगराच्या पायथ्याशी होतो. बैलगाडी करून निघालो. नाना सगळ्या वाटेनं मोठ्यानं प्रार्थना करत होते, आणि मी बैलांकडे बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा तिथं काही उरलं नव्हतं. माणसं इतकी जात होती की खड्डे खणायला कुणी मिळेना. जे मिळाले होते तेही भिऊन पळाले. मग कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे न बघता सगळ्यांना एकत्र जाळून टाकत होते. तिथल्या शिपायानं एका काळ्या पडलेल्या जागेकडे हात केला. तो बिचारा आमच्याकडे बघतही नव्हता. पुढं पाऊस आला आणि ती राख ओढ्यातून नदीला गेली.

आता तुला नानांचं सांगते. खेड्यापाड्यांतून लोक त्यांना एकच प्रश्न विचारायचे. मेलेली माणसं शेवटच्या दिवशी देहासकट उठणार म्हणता, तर मग पुरात वाहून गेलेल्याचं काय? वाघानं खाल्लेल्याचं काय? नाना हसून सांगायचे की कुणब्याला आपल्या शेतात काय कुठं पेरलं ते कळतं, मग देवाला का कळू नये. लोक माना डोलवायचे. छावणीवरून परत आल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पुन्हा कधी दिलं नाही. इथल्या गावठाणात आले, इथंच काम धरलं. चर्चचे पाळकसाहेब नसले की मातीला तेच उभे राहायचे. शरणपुरातल्या निम्म्या माणसांना त्यांनी मूठमाती दिली असेल. पुनरुत्थानाचे शब्द ते इतके खणखणीत म्हणायचे की रडणारी बायकामाणसंही गप्प व्हायची. मी मागं उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघायची. हा माणूस स्वतःला ऐकू यावं म्हणून एवढ्या मोठ्यानं बोलतो, असं मला वाटायचं.

ईस्टरच्या पहाटे आपण सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायचो, ते तुला आठवत असेल. जो तो आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं ठेवायचा. तू लहानपणी विचारायचीस की नाना फाटकापर्यंत येऊन कुठं जातात. ते नदीवर जायचे. मी तुझं बोट धरून कोपऱ्यातल्या त्या जुन्या मडमेच्या कबरीपाशी जायची, जिचं नावही दगडावर उरलं नव्हतं. तिथं फुलं ठेवायची. तुला वाटायचं, ती आपली कुणीतरी लागते. मी कधी नाही म्हटलं नाही.

माघात नानांच्या पायांवर सूज चढली, दम लागायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पण ते त्यांना आधीच कळलं होतं. एका दुपारी मी त्यांचे पाय कोमट पाण्यानं पुसत होते. ते अगदी सहज, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले, "मला पुरू नका. जाळा, आणि राख गोदेत सोडा. त्याला जसं उठवायचं तसं मलाही उठवू दे. पोरानं तिथून एकट्यानं उठायला नको."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत त्यांनी डॅनिएलबद्दल काढलेला तो पहिला शब्द. पाणी गार झालं म्हणून उठून गेले.

अशी गोष्ट चार भिंतींत राहत नाही. त्यांनी स्वतःच पाळकसाहेबांना सांगितली, आणि नांदगावला धाकट्या भावालाही निरोप पाठवला. तुझे गोटीरामकाका धावत आले. आमच्या बाप्तिस्म्यानंतर ह्या घरात पाणी न पिणारा तो माणूस खाटेशी बसून लहान पोरासारखा रडला. भाऊ परत आला असंच त्यांनी धरलं. अग्नी मी देतो, दशक्रिया रामकुंडावर करू, म्हणाले. नाना नाही म्हणत होते, आपण येशूचेच आहोत म्हणत होते, पण दम लागलेल्या माणसाचं कोण ऐकतं. पाळकसाहेब आले ते मला ओट्यावर घेऊन बसले. भला माणूस आहे. राखेतून उठवणं देवाला जड नाही, पूर्वी श्रद्धेपायी जाळले गेले तेही उठणारच, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, मग हरकत कसली? ते म्हणाले, "देवाची नाही, बाई. माणसांची आहे. ह्यांनी ज्यांना मूठमाती दिली, त्यांच्या घरच्यांनी काय समजायचं?"

रूथ, मी दमले होते. रात्रंदिवस त्यांना उशीला टेकवून बसवायचं, त्यात दारात माणसं, आणि जो तो त्यांच्या देहाचं काय करायचं ह्यावर बोलतोय आणि ते अजून जिवंत. मला तर वाटायचं, उठायचंच कशाला? हेच गुडघे, हीच कंबर घेऊन पुन्हा उभं राहायचं असेल तर मला नुसतं झोपू दिलं तरी चालेल. असं चिमणाबाईला म्हटलं तर तिनं कानाला हात लावले. पण त्या सगळ्या बोलण्यात माझं काय ते मला कुणी विचारलं नव्हतं. नानांनीही नाही.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यापाशी बसले आणि म्हटलं, "तुम्ही त्याच्याकडे जाल. मग मी फुलं कुठं ठेवू?"

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. तुम्ही दर ईस्टरला नदीवर जाता. मला वाहत्या पाण्यात काही दिसत नाही. मला हात लावायला जागा लागते. एका पोराला जागा मिळाली नाही, ते मी कुणा परक्या बाईच्या दगडावर भागवलं. आता तुम्हीही जाणार असाल तर मी ह्या म्हातारपणी दोघांसाठी कुठं जाऊ? रागानं नाही म्हटलं. राग यायला अंगात बळ लागतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. "तू त्या मडमेच्या कबरीवर फुलं ठेवायचीस?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना माझा हात धरून म्हणाले, "मातीच दे." मग गोटीरामकाकांना बोलावून त्यांनीच सांगितलं की माझं ठरलं आहे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलं, काका तडक नांदगावची गाडी धरतील. ते गेले नाहीत. चार दिवसांनी नाना गेले तेव्हा कबरस्तानातल्या काळू माळ्याबरोबर काकांनीही कुदळ घेतली. जमीन कोरडी, कडक. घामानं भिजून गेले होते. पाळकसाहेब वाचत होते तेव्हा ते पगडी काढून शेवटपर्यंत उभे राहिले, आणि जायच्या आधी माझ्या हातचं पाणी प्यायले.

मागच्या आठवड्यात दगडाचं ठरवायला मी पाळकसाहेबांकडे गेले. वर नानांचं नाव आणि खाली डॅनिएलचं, असं मी सांगितलं. ते संकोचले. जिथं देह नाही तिथं नाव घालायची रीत नाही, म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, दर ईस्टरला तुम्ही आम्हाला येशूच्या रिकाम्या कबरीचीच तर गोष्ट सांगता." दुसऱ्या दिवशी त्यांनीच इनायत पाथरवटाला माझ्याकडे पाठवून दिलं.

आता परवाचं. जावई जेवून उठले, पण निघेनात. उंबऱ्याशी बसले आणि मग सांगितलं. बाळ रडलंच नाही, हे मला तारेनं कळलं होतं. बाकीचं त्यांनी तेव्हा सांगितलं. तू शुद्धीवर यायच्या आत दवाखान्यातल्या माणसांनी त्याला फडक्यात गुंडाळून नेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून प्रार्थनाही झाली नाही. कुठं ठेवलं ते आता कुणी नीट सांगत नाही. तू कुणाशी बोलत नाहीस, फक्त एकदा त्यांना विचारलंस की देव त्याला ओळखेल का, त्याला तर नावही नव्हतं. हे जावयांनी मला सांगितलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस, तेही बापच आहेत. बाई, मी उपदेशकाची बायको, पण ह्याचं शिकलेलं उत्तर माझ्याकडे नाही. मला एवढंच माहीत आहे की डॅनिएल कुठूनही उठून आला, राखेतून नाहीतर पाण्यातून, तरी मी त्याला लांबूनच ओळखीन. तूही तुझ्या लेकराला ओळखशील, नऊ महिने ते तुझ्यापाशी होतं. आईला जेवढं कळतं तेवढं तरी देवाला कळत असेलच ना. म्हणून हे सगळं लिहिलं. इनायत मंगळवारी अक्षरं कोरायला बसणार आहे. डॅनिएलच्या खाली एक ओळ मोकळी ठेव म्हणून मी त्याला सांगून आले आहे, आणि पाळकसाहेबांना ह्या वेळी विचारलेलं नाही. तू त्याचं नाव काय ठेवणार होतीस, ते मला कळव. ठेवलं नसेल तर आता ठेव.

तुझीच,
आई