नऊशे साठ शहामृगं

ती. मामांना दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं तर एका हाताने कान धरायचा होता, पण मग लेखणी धरायला हात उरत नाही.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढायचं बंद केलंत, की नेहमीप्रमाणे डॉक्टरच बदललात? इकडे सगळे बरे आहोत. आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू आता पुरता पिकला आहे, निदान एका डोळ्याचं तरी उरकून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला शस्त्रक्रिया ठरली आहे. (माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान, आणि माझ्याच आईला समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, यावर गिऱ्हाइकं काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही.) तुमची सूनबाईही बरी आहे. गेले नऊ-दहा दिवस ती माझ्याशी मोजकं बोलते. त्याचं कारण ओघात येईलच, आणि नाही आलं तरी माझी हरकत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या चित्रपट मंडळाचा रविवारचा खेळ. मी तीन पत्रं पाठवून तुम्हाला भंडावून सोडलं तेव्हा कुठे तुम्ही तुमच्या जुन्या चित्रपटाचा तो पत्र्याचा डबा पाठवलात. जगातली एकुलती एक प्रत, आणि सोबत दोन ओळी: ‘शेवटचा प्रसंग आजवर कोणीही पाहिलेला नाही. तिथे लोक हसले का, एवढंच कळव, बाकी कौतुक नको.’ मामा, मंडळाचा चिटणीस या नात्याने मी पुष्कळ पत्रं वाचली आहेत, पण दोन ओळींचं एवढं जड पत्र वाचल्याचं आठवत नाही. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकतो. लोक हसले. भरपूर हसले. कुठे हसले ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल तुम्ही पाहिलेला नाही. साठ खुर्च्या, त्यांतल्या नऊ डुगडुगत्या. खिडक्यांना जाड पडदे, तरी दुपारी चारला एका फटीतून उजेडाची रेघ येते ती बरोबर नायकाच्या नाकावर पडते. (सगळ्याच नायकांच्या. आता सभासदांना सवय झाली आहे.) खेळाआधी चिटणीसाने प्रास्ताविक करायचं अशी पद्धत आहे. त्यात मी तुमचीच गोष्ट सांगितली. तुम्हाला ती परत सांगतो, कारण मी काय सांगितलं त्याची जबाबदारी तुमच्यावरही येते. मी म्हटलं, साठ वर्षांपूर्वी आमचे मामा वीस वर्षांचे असताना एका छोट्या स्टुडिओत चित्रं काढायच्या नोकरीवर होते. तिथे एक मूक विनोदी चित्रपट झाला. त्यात माणसं खरी आणि एक शहामृग मात्र रेघांचं. एक कारकून कचेरीतल्या वहीच्या कोपऱ्यात शहामृग काढतो आणि ते कागदावरून उतरून त्याच्या मागे मागे फिरतं. कारकुनाचं काम करणारा नट मामांचा जिवलग मित्र. चित्रपट पुरा होण्याआधीच मालकाने स्टुडिओ गुंडाळला, शेवटच्या प्रसंगाशिवायच तो आठवडाभर कुठेतरी दाखवला गेला आणि विसरलाही गेला. मित्र परदेशी गेला, तिकडेच वारला. आणि मामांनी मात्र तो शेवटचा प्रसंग घरी बसून स्वतःच्या हाताने पुरा केला. इथे माझा आवाज जरा कापला. लोकांना वाटलं, भावना. भावना होतीच, पण वेगळी होती.

पहिल्या चार भागांबद्दल तुम्ही अगदी निर्धास्त असा. शहामृगाने गजराचं घड्याळ गिळलं आणि त्याची मान टिकटिक करत उडायला लागली, तेव्हा मागच्या रांगेतली एक डुगडुगती खुर्ची खरोखरच मोडली. आमच्या मंडळाचा नियम असा की खेळ संपला की चहा घेण्याआधी प्रत्येकाने अभिप्राय वहीत काहीतरी लिहायचंच (आधी चहा दिला की कोणी लिहीत नाही, हा अनुभव). त्यातलं थोडं तुमच्यासाठी उतरवतो. घड्याळदुरुस्तीवाल्यांनी लिहिलं आहे की गिळताना घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पोटात गेल्यावर आठचा गजर झाला, ही अक्षम्य चूक आहे. दंतवैद्यांनी लिहिलं की पक्ष्याला दात नसताना त्याने साहेबांची छत्री चावून खाल्लेली दाखवणं हे तरुण पिढीला चुकीचं वळण लावणारं आहे. ग्रंथपाल बाई हजेरीपट खाल्ल्याच्या प्रसंगाला उठून बाहेर गेल्या आणि खाली जाऊन स्वतःची कपाटं बंद आहेत का ते पाहून आल्या. आणि बेकरीवाल्या बाई, ज्या पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ते शहामृग खरंच आहे. त्यांनी लिहिलं, ‘जनावर फार गुणी आहे पण बिचाऱ्याची नुसती काडी झाली आहे, मालक खायला घालत नाहीत का?’ मी त्यांना समजवायला गेलो की बाई, ती रेघ आहे, तर त्या म्हणाल्या, हो ना, तेच म्हणते मी.

आता शेवटचा प्रसंग.

कारकुनाची नोकरी गेली आहे. तो खोलीवर येतो. एक टेबल, दोन खुर्च्या, मागे पांढरी भिंत. तो एक खुर्ची अदबीने मागे ओढतो. दोन कपांत चहा ओततो. समोर बघून हसतो. डोक्यावरची टोपी काढून समोर धरतो, जरा थांबतो, परत ओढायला जातो आणि मग जाऊ दे म्हणून सोडून देतो. पुढे सरकून कोणाच्या तरी मानेवर हात ठेवतो आणि तसाच डोळे मिटून बसतो. मामा, हे सगळं तो फार सुंदर करतो. तुमचा मित्र मोठा नट होता. फक्त काही कारणाने (त्याबद्दल शेवटी लिहितो) त्या एका मिनिटात शहामृग दिसत नव्हतं. म्हणजे समोरची खुर्ची रिकामी होती.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दिवे लागले तरी कोणी उठेना. मग हेडमास्तर (निवृत्त आहेत, पण ते फक्त शाळेला माहीत आहे) उभे राहिले आणि म्हणाले, असा शेवट करायला छाती लागते. चार भाग हसवायचं आणि मग ते हसूच काढून घ्यायचं. दंतवैद्य चष्मा पुसत होते. त्यांनी दातांबद्दलचा अभिप्राय खोडला आणि त्याखाली ‘माझी बायको गेली तेव्हा मीही दोन कप ओतत होतो’ एवढंच लिहिलं. घड्याळवाल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तुमचे मामा इतके दुःखी आहेत का. मी म्हटलं, आत्तापर्यंत तरी नव्हते. थोडक्यात, मामा, तुमचा खूप गौरव झाला. खेळ पुन्हा लावावा अशी एकमताने मागणी आली आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा लावायचा ठरला आहे.

एक छोटा प्रकार घडला, तोही कळवतो. आई पहिल्या रांगेत बसली होती. एरवी ती सिनेमाला येत नाही, मला काय दिसतंय म्हणते, पण आपल्या धाकट्याचा (म्हणजे तुमचा) सिनेमा म्हणून इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. हॉल असा गप्प झालेला असताना ती मात्र हसत होती. खुर्ची मागे ओढली तेव्हा हसली, टोपी पुढे केली तेव्हा तर डोळ्यांना पदर लावून हसली. शेजारच्या बेकरीवाल्या बाईंना म्हणाली, “बघा हं, आता ते टोपी खाणार.” बाईंनी निरखून निरखून पाहिलं. हेडमास्तरांनी वहीत लिहिलं आहे की एका ज्येष्ठ प्रेक्षिकेच्या हसण्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य काहीसं भंगलं. मला मात्र ते हसणं ऐकवेना. मी प्रोजेक्टरमागे तोंड लपवून उभा राहिलो.

असो. प्रकृतीला जपा, जिना टाळा, औषधं वेळेवर घ्या. थोरांना नमस्कार म्हणायचं तर तुमच्याहून थोर आमच्यात फक्त आईच उरली आहे, आणि तिला मी इथेच रोज तोंड चुकवतो आहे.

तुमचा भाचा,
चष्मेवाला

ता. क. शहामृग दिसत नव्हतं याचं कारण सांगायचं राहिलं. मामा, ते मी पुसलं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. हातात पारदर्शक काही आलं की मी ते पुसतो. पाहुण्यांच्या हातातला ग्लास मी पुसलेला आहे, घरात मला फडकेराव म्हणतात ते उगीच नाही. खेळाच्या आठवडाभर आधी, दुपारी, मी रिळं तपासायला घेतली. पहिली चार स्वच्छ. शेवटच्या गुंडाळीत मात्र प्रत्येक चौकटीत त्याच जागी बारीक काळा डाग. मला वाटलं बुरशी. पिवळं मऊ फडकं आणि स्पिरिट घेऊन मी बसलो आणि चार तासांत सगळं लख्ख केलं, मोठ्या समाधानाने. सूनबाई चहा घेऊन आली, तिने उरलेलं टोक उजेडात धरलं आणि विचारलं, “अहो, बुरशीला दोन पाय असतात का?” त्यानंतर मी डब्याच्या तळाचा कागद उचलला. त्याखाली तुमची जुनी चिठ्ठी होती: ‘ही गुंडाळी फिल्मवरच टाकाने काढली आहे. पुसू नये.’ सेकंदाला सोळा, मिनिटाला नऊशे साठ. नऊशे साठ शहामृगं, मामा, एकेक नखाएवढं. माझ्या अंगठ्याखाली होतं तेवढं एक वाचलं. खेळ रद्द करणार होतो, पण मग आईला कारण सांगावं लागलं असतं.

ता. क. २. तिलाच ते सांगता येत नाही, हीच अडचण आहे. तुम्ही काढत होतात तेव्हा चार महिने तीच शेजारी बसून शाई वाळवत होती, हे मला तिनेच सांगितलंय. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून परवा ती आठवणीतलं शहामृग बघून हसली. पण दहा तारखेनंतर तिला लख्ख दिसेल, आणि दुसऱ्या खेळाला ती पहिल्या रांगेत असेल. तुमचा हात कापतो, तुम्ही वीस वर्षांत टाक उचललेला नाही, हे सगळं माहीत असूनही विचारतो: परत काढाल का? गुंडाळी सोबत पाठवतो आहे. वाचलेलं एक शहामृग नमुन्याला आहे. तुमच्यासाठी स्वतः घासून एक भिंग केलं आहे, तेही ठेवलं आहे. (पुसून ठेवलं आहे.) हेडमास्तरांच्या गांभीर्याची काळजी करू नका, त्यांचं मी बघतो.

धाकट्या, हे मी लिहिते आहे, तुझी अक्का. ओळी वरखाली झाल्या तर सांभाळून घे. पाकीट बंद करण्याआधी सूनबाईने मला पत्र वाचून दाखवलं, पण मला आधीच कळलं होतं. त्या दुपारी घरभर स्पिरिटचा वास होता आणि हा रात्री जेवताना एक शब्द बोलला नाही. पडदा मला नीट दिसत नव्हताच. पण हॉल एकदम गप्प झाला, आणि तू काय विचारलं होतंस ते मला माहीत होतं. म्हणून मी हसले. खुर्ची, चहा, टोपी, सगळं मला अजून पाठ आहे; जागच्या जागी, एकही चुकवलं नाही. याला यातलं काही कळवू नकोस, चार दिवस राहू दे तसाच. आणि हात कापतो हे मला सांगू नकोस, तेव्हाही कापत होता, म्हणूनच ते चालताना लटपटायचं आणि मला हसू यायचं. हा म्हणतो, महिनाअखेरीच्या आत काढा. तू घाई करू नकोस. तेव्हा चार महिने लागले होते. तुझं होईपर्यंत मी डोळ्यावरची पट्टी सोडत नाही.